गोधडीत टेरिकॉट चालेल का?

प्रश्न : आईची सुती लुगडी आणि घरातले टेरिकॉटचे जुने शर्ट मिळून एक गोधडी शिवायची आहे. दोन्ही कापडं एकत्र चालतील का?

उत्तर : चालतील, पण कोणतं कापड कुठे लावायचं ते आधी ठरवा. सुती कापड घाम शोषून घेतं, टेरिकॉटमधलं पॉलिएस्टर जवळजवळ शोषतच नाही. म्हणून अंगाला लागणारी बाजू लुगड्याची ठेवा आणि शर्टांचे तुकडे वर जोडा. तान्ह्या बाळासाठी शिवत असाल, तर टेरिकॉट नकोच.

खरी अडचण आटण्याची. लुगडी धुऊन धुऊन आटलेलीच असतात, त्यांची काळजी नाही. पण नवं सुती कापड आणलंत, तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापा. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं, टेरिकॉट तसंच राहतं आणि धावदोऱ्याच्या ओळींमध्ये चुण्या पडतात.

लुगड्याचा विरलेला भाग टेरिकॉटला थेट जोडू नका. ओढ बसली की चिवट कापड टिकतं आणि आईचं लुगडं शिवणीलगत फाटतं. तो भाग आतल्या थरात घाला, तिथे तो वर्षानुवर्षं राहील. टेरिकॉटचे धागे कडेने सुटतात, तेव्हा अर्धा इंच माया सोडा. इस्त्री मध्यमच ठेवा.

एखादा तुकडा ओळखू येत नसेल, तर कडेचे दोन धागे चिमट्यात धरून जाळून बघा. सुताची मऊ राख होते. पॉलिएस्टर असेल, तर बोटाला कडक कण लागतात.