रूहानी भांडवल: ते काय आणि कसे मोजावे?

व्यापारी बंधूंनो, भांडवल म्हटले की आपल्याला गल्ला, माल आणि दुकान आठवते. समाजशास्त्र याहून पुढे जाते. फ्रेंच विद्वान पिअर बोर्दिय यांनी पैशाबरोबर ओळखीपाळखी आणि शिक्षण-संस्कार यांनाही भांडवल मानले. 2006 साली ख्रिस बेकर आणि हॅना स्किनर यांनी मँचेस्टरमधील चर्चचा अभ्यास करून आणखी एक फरक दाखवला. आपल्या भाषेत सांगायचे तर मशीद, मदरसा, जमातीची मदत हे धार्मिक भांडवल. ज्या ईमानामुळे माणूस हे सारे करतो, ते रूहानी भांडवल.

पहिले मोजता येते. दुसरे दिलात असते, पण त्याची खूण व्यवहारात दिसते. मक्केतील विरोधकसुद्धा हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे अमानत ठेवत. 622 साली हिजरतीच्या वेळी त्या अमानती परत करण्यासाठी ह. अली (रजि.) मागे थांबले. मुंबईत 1976 साली ‘बैतुन्नसर’ ही बिनव्याजी पतसंस्था निघाली. ठेवीदाराने सोडलेले व्याज हे त्याच्या ईमानाचे रुपयांतले माप होते. उलट 2019 साली बेंगळुरूत हलाल नफ्याच्या नावाने ठेवी घेणारी कंपनी बुडाली आणि हजारो घरांची बचत गेली. लोकांनी नाव पाहिले, हिशेब पाहिला नाही.

हीच चूक मीही केली. कुंभिवलीत कापड उधार देताना मी पहिल्या सफेतली नमाज पाहत असे. अशाच एका गृहस्थाने 14 हजारांचा माल बुडवला. त्याच वर्षी एका कातकरी बाईने वीटभट्टीचा हंगाम संपताच लग्नाच्या साड्यांचे पैसे न मागता आणून दिले. माझे मापच खोटे होते.

म्हणून वही उघडून स्वतःला तीन प्रश्न विचारा:

1. घेतलेल्या शंभर उधाऱ्यांपैकी किती मुदतीत फेडल्या?

2. जमातीबाहेरचे किती लोक आपल्याकडे अमानत ठेवतात?

3. हिशेबातली चूक आपल्या फायद्याची निघाली, तेव्हा किती वेळा स्वतःहून सांगितली?

आणि विश्वास आहे म्हणून लिखापढी सोडू नका. कर्ज लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनची सर्वांत मोठी आयत आहे.

नियतीचा हिशेब अल्लाहकडे. वहीचा हिशेब आपण आजच करावा.