बाळंतिणीच्या खोलीतली पांढरी भुकटी

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे बोलण्यात दोनच भाग असतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. आम्ही जळगाव जामोदकडचे घाटाखाली, पाठीशी सातपुडा आणि पायाशी पूर्णेचा खारपाणपट्टा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात यंत्राचा दोष थोडा होता. बाकीचा आमच्या पाण्याचा आणि माझ्या अकलेचा.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा जानेवारी होता. माझ्या आईनं बाळंतिणीची खोली तिच्या पद्धतीनं लावली. खिडक्यांना गोधड्या, दाराला जाड पडदा, कोपऱ्यात शेगडी. धूर नको म्हणून शेगडी मी बाहेर काढली आणि कॉइलचा हीटर आणला. चार-पाच दिवसांत बाळाचं नाक सुकून घरघरायला लागलं, लेकीचे ओठ फुटले. हवा तापली की तिची पाणी सामावून घ्यायची भूक वाढते, पण हवेतलं पाणी तेवढंच राहतं. बाहेरची 12 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा खोलीत 26 अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता जेमतेम 25 टक्क्यांवर येते. हे गणित मला येत होतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. तरी हीटर कमी करावा, दिवसा खिडकी थोडी उघडावी हे सुचलं नाही. लेकीनं पुण्यात मैत्रिणीकडे पाहिलेला ह्युमिडिफायर मोबाइलवरून मागवला.

पांढऱ्या हंसाच्या आकाराचं यंत्र आलं. अडीच लिटरची टाकी, निळा दिवा, चोचीतून थंड धुकं. आवाज नाही, विजेचा खर्च किरकोळ. सारं घर बघायला जमलं. मी बोअरचं पाणी भरलं आणि रात्रभर चालू ठेवलं.

सकाळी आई ओरडली, "सूनबाई, खोलीत रांगोळी कोणं सांडली व?"

आरशावर, टीव्हीच्या काळ्या काचेवर, पाळण्याच्या दांड्यावर पिठासारखी बारीक पांढरी भुकटी बसली होती. भिंतीचा चुना उडतोय असं समजून आम्ही पुसून घेतली. दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या रात्री बाळ खोकायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "मशीनमध्ये पाणी कोणतं टाकता, सर?" मी म्हणालो, बोअरचं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी ते बंद करा. औषधाचं नंतर बघू." यंत्र बंद केलं आणि दोन-तीन दिवसांत खोकला उतरला.

माझी चूक ज्या धड्यात होती तो मी दर वर्षी शिकवत आलो होतो. बाष्पीभवनात पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, हे पोरांकडून घोकून घेतलेलं वाक्य. ते खरंच आहे. पण हंसाच्या पोटात बाष्पीभवन होतच नव्हतं. अल्ट्रासॉनिक जातीच्या यंत्रात तळाशी नाण्याएवढी चकती असते आणि ती सेकंदाला सतरा लाखांच्या आसपास वेळा थरथरते. त्या हादऱ्यानं पाण्याचा चुरा होऊन सूक्ष्म थेंब उडतात. ती वाफ नव्हे, ते पाणीच. त्यात जे विरघळलेलं असेल ते थेंबाबरोबर हवेत जातं. थेंब सुकतो, क्षाराचा कण उरतो, आणि तो इतका बारीक असतो की श्वासाबरोबर आत उतरू शकतो. टाकीत बुळबुळीत थर साचला असेल तर त्यातले जंतूही याच वाटेनं बाहेर पडतात.

पाण्याचे जार पोचवणाऱ्या पोराकडे पेनासारखं टीडीएस मीटर असतं. त्याच्याकडून आमचं बोअरचं पाणी मोजून घेतलं. आकडा आला 1840, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. आमच्याकडे बरेच जण असं पाणी पीत मोठे झाले. पण पोटात जाणं वेगळं, छातीत जाणं वेगळं. रात्रीतून अडीच लिटर उडालं तर खोलीत साडेचार ग्रॅमच्या वर क्षार गेले. चहाचा एक चमचा भरत आला म्हणायचा, रोज, त्या एवढ्याशा जिवाच्या खोलीत.

शेजारचे एकजण म्हणाले, पाणी उकळून टाका. उकळल्यानं जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. पाणी आटलं तर ते उलट दाट होतात. तुरटीनं गढूळपणा बसतो, खारटपणा तसाच राहतो. नुसत्या यूव्ही फिल्टरचंही तेच. या जातीच्या यंत्रात आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच टाकावं. दुसऱ्यानं सुचवलं की झाकणभर जंतुनाशक टाका म्हणजे टाकी स्वच्छ राहील. हे ऐकून मात्र मी घाबरलो. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या टाकीत घालायची जंतुनाशकं 1994 पासून दुकानात मिळत होती. 2011 मध्ये उघड झालं की त्यांच्या धुक्यानं लोकांची फुप्फुसं निकामी झाली. मेलेल्यांत लहान मुलं आणि गरोदर बायाही होत्या. फरशी पुसायला चालणारी वस्तू फुप्फुसाला चालतेच असं नाही. कापूर आणि निलगिरीचं तेलही टाकीत नको. तान्ह्या बाळाला ते बाधू शकतं, आणि तेलानं प्लास्टिकही तडकतं.

हंस बाजूला ठेवून मी मेडिकलमध्ये मिळणारं, वाफ घ्यायचं प्लास्टिकचं भांडं आणलं आणि पुन्हा बोअरचं पाणी भरलं. (मास्तर असलो तरी एकदा सांगून कळत नाही.) या स्वस्त भांड्यात दोन धातूच्या पट्ट्या असतात आणि वीज एकीतून दुसरीत थेट पाण्यातून जाते. खारं पाणी वीज भराभर वाहून नेतं. पाणी खदखदून बाहेर उसळलं आणि एमसीबी पडला. त्याच भांड्यात आरओचं पाणी भरलं तर ते धड गरमही होत नाही, म्हणून तर सोबतच्या कागदावर चिमूटभर मीठ टाका असं लिहिलेलं असतं. चालू असताना त्या पाण्यातच करंट असतो, तेव्हा बोट घालून गरम झालं का बघू नये. कॉइल बंदिस्त असलेली चांगली वाफेची यंत्रंही येतात. त्यांत खरी वाफ होते, क्षार तळाशी खापरीसारखे बसतात, हवा स्वच्छ राहते. मात्र एक लिटर पाणी उडवायला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, आणि रांगतं मूल असलेल्या घरात उकळत्या पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवायला माझं मन धजत नाही.

तिसरी जात म्हणजे ओल्या पॅडमधून पंखा हवा ओढतो ती. इथं माझा धडा खरा ठरतो. पाणी उडतं, क्षार पॅडवर राहतात. खोली दमट होत गेली की पाणी उडण्याचा वेग आपोआप मंदावतो, त्यामुळे अति होण्याचा धोकाही कमी. पंख्याचा आवाज होतो आणि खाऱ्या पाण्यानं पॅड लवकर कडक होतं, तो खर्च धरावा. खारपाणपट्ट्यात विकतच घ्यायचं असेल तर हे घ्या. वान धरणाच्या योजनेचं गोड पाणी नळाला येत असेल, तरी एकदा मीटर बुडवून बघाच.

आम्ही शेवटी काय केलं? हीटर कमी केला, दोरीवर दोन ओले पंचे टाकले आणि डॉक्टरांनी दिलेले सलाइनचे थेंब बाळाच्या नाकात घातले. एवढं पुरलं.

तरी हंसाचा मोह सुटला नव्हता. फेब्रुवारीत आरओचं पाणी घालून आठवडाभर लावला. भुकटी पडली नाही. पण खोली बंद, यंत्र रात्रभर चालू. पाळण्यामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले, बुरशीचे. तेव्हा कुठं तीन-चारशे रुपयांचं आर्द्रतामापक आणलं. आकडा 78. अमेरिकेची पर्यावरण संस्था घरात 30 ते 50 टक्के ठेवा म्हणते, आणि 60 च्या वर बुरशीला रान मोकळं होतं. आकडा न बघता यंत्र चालवणं म्हणजे मीठ न चाखता भाजीत घालत राहणं. टाकी रोज रिकामी करून पुसावी, तिसऱ्या दिवशी पाण्यात लिंबूसत्त्व घालून क्षार सोडवावेत. चकती चाकूनं खरवडू नये. मी खरवडली, आणि धुकं निम्म्यावर आलं.

मे महिन्यात घाटाखाली हीटरची गरज नसते आणि ह्युमिडिफायरचीही, कारण तो दर घराच्या खिडकीत लोखंडी पेटी होऊन बसलेला असतो. कूलर ही ओल्या पॅडच्या यंत्राचीच मोठी बहीण. दुपारी 42 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर पाणी उडता उडता हवेला 22 अंशांच्या आसपास नेऊ शकतं. आपल्या कूलरला तेवढं साधत नाही, तरी पुष्कळ साधतं. समोरची एखादी खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीचं न्हाणीघर होतं. मेअखेर कूलरच्या पॅडमधल्या गवतावर जो पांढरा कडक थर दिसतो ना, तोच आमच्या आरशावर बसला होता. कूलरच्या टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं, म्हणून नुसती भर घालू नये. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण ओतून, घासून कोरडी करावी. डेंग्यूच्या डासाची अंडीही त्यात निघून जातात. आणि पाणी भरण्याआधी प्लग काढावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

हंस आता लेकीबरोबर पुण्यात आहे. तिच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, त्यावर तो नीट चालतो. सोसायटीत टँकर आला की ती त्याला कपाटात ठेवते. आई मात्र अजून फोन घेतला की बाळाचं नंतर विचारते. आधी म्हणते, "आरशावर बोट फिरवून पाह्यलं का व आज?"