चौक, स्क्वेअर आणि ‘समोर’

दहावीच्या वर्गात एकदा मी फळ्यावर लंडनच्या ट्रॅफल्गार स्क्वेअरचा आराखडा काढला आणि त्याच्या चारही कडांना काय आहे ते इंग्रजीत लिहावयास सांगितले. बहुतेक वह्यांत एकाच घडणीची वाक्ये आढळली: ‘देअर इज अ गॅलरी. देअर इज अ चर्च.’ व्याकरण शुद्ध होते; परंतु ते वाचून त्या जागी मनाने उभे राहता येत नव्हते.

पहिली अडचण शब्दापाशीच आहे. चौक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्ते एकमेकांस छेदतात ती जागा येते. स्क्वेअर हा त्याहून जुन्या वाड्यातील चौकाच्या जवळचा: मध्ये मोकळे अंगण आणि सभोवती इमारती. म्हणून वर्णन रस्त्यांपासून नव्हे, कडांपासून सुरू करावे. डावे-उजवे टाळावे, वाचकाचे तोंड कोणीकडे आहे हे आपणांस ठाऊक नसते. दिशा मात्र सर्वांना सारख्याच.

उत्तरेची संपूर्ण कड १८३८ साली खुल्या झालेल्या नॅशनल गॅलरीच्या इमारतीने व्यापली आहे. येथे ‘ऑन द नॉर्थ साइड’ म्हणावे. ‘इन द नॉर्थ साइड’ नव्हे. इमारत उंचावर असून तिचे तोंड मैदानाकडे आहे, म्हणून ‘ओव्हरलुक्स द स्क्वेअर’ हे क्रियापद तिला शोभते. ‘लाइन’ हे क्रियापद एकट्या इमारतीला लावू नये. त्याला रांग लागते. ईशान्येस सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च आहे, तेथे ‘ॲट द नॉर्थ-ईस्ट कॉर्नर’. दक्षिणेची कड बरीचशी मोकळी असून तेथून व्हाइटहॉल हा रस्ता पार्लमेंटकडे जातो. प्रत्येक कडेवर इमारत उभी केलीच पाहिजे असे नाही. ‘व्हाइटहॉल लीड्स ऑफ टू द साउथ’ एवढे पुरे.

मैदानात दक्षिणेच्या अंगाला दोन पुतळे आहेत, नेपियर आणि हॅवलॉक यांचे. एकाने १८४३ मध्ये सिंध जिंकला, दुसरा १८५७ च्या युद्धात कानपूर-लखनौकडे लढला. ते कडेवर नसून आत आहेत, म्हणून ‘इन द स्क्वेअर’. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यांच्यापाशी थोडे अधिक थांबावे.

आता ‘समोर’. पूर्वेस साउथ आफ्रिका हाउस, पश्चिमेस कॅनडा हाउस. मराठीत कॅनडा हाउस साउथ आफ्रिका हाउसच्या समोर आहे, आणि साउथ आफ्रिका हाउसच्या दारापुढील फुटपाथवर उभा असलेला माणूसही त्याच्या समोरच आहे. इंग्रजी येथे दोन शब्द मागते. मध्ये मैदान वा रस्ता ठेवून पलीकडे असेल तर ‘ऑपोझिट’. अलीकडेच, पुढ्यात असेल तर ‘इन फ्रंट ऑफ’.

हा भेद केवळ गुणांचा नाही. एप्रिल १९८६ पासून फेब्रुवारी १९९० पर्यंत, नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटेपर्यंत, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांनी त्या दूतावासाच्या पुढ्यातील फुटपाथवर रात्रंदिवस धरणे धरले. त्यांची जागा ‘इन फ्रंट ऑफ’ची होती, ‘ऑपोझिट’ची नव्हे. १९८७ मध्ये पोलिसांनी काही काळ तेथे उभे राहण्यास मनाई केली, तेव्हा धरणे जवळच्या त्याच चर्चच्या पायऱ्यांवर गेले. अंतर काही पावलांचेच. तरीही निदर्शक मनाई मोडून दूतावासाच्या दारापुढे परतत राहिले, अटक होत राहिली, आणि अखेर ती जागा त्यांना पुन्हा मिळाली. मराठीत ‘दूतावासासमोर धरणे’ असे लिहिले की ते दारापाशी होते की मैदानापलीकडे, हे वाचकास कळणार नाही. आणि भांडण तर नेमके त्यासाठीच होते. मराठीतही ‘पुढ्यात’ आणि ‘पलीकडे’ हे शब्द आहेत, आपण ते वापरण्याचा आळस करतो इतकेच.

वसतिगृहाच्या अंगणाच्या चारही कडांचे वर्णन आठ इंग्रजी वाक्यांत लिहून आणावे. ‘देअर इज’ दोनदाच चालेल. मनात ‘समोर’ आला की लेखणी थांबवून पाहावे, मध्ये अंगण आहे की नाही.