तळ्याचा व समुद्राचा श्वास

सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ येथें यशवंत तळें आहे. पहांटे त्याचें पाणी स्तब्ध दिसतें. परंतु तेंही एक प्रकारें श्वासोच्छ्वास करीत असतें. रात्रभर मासे, किडे व पाणवनस्पति जो कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, सोडतात, तो पाण्यांत सांचतो. सूर्य उगवला कीं वनस्पति तोच वायु अन्नासाठीं घेऊं लागतात. म्हणून अशा तळ्यांत हा वायु पहांटे अधिक व दिवस कलतां कमी असतो.

तोरणमाळच्या उत्तरेस नर्मदा व दक्षिणेस तापी वाहते. दोघीही अरबी समुद्रास मिळतात. समुद्राच्या पृष्ठभागींही हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथें आणखी दोन कारणें आहेत. पहिलें उष्णता. सोडावॉटरची बाटली थंड असतां वायु आंत राहतो. ऊन झाली कीं तो फसफसून बाहेर येतो. तद्वत् थंड समुद्र वायु अधिक शोषतो व उष्ण समुद्र कमी. दुसरें कारण वारा. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्याजवळील पाणी दूर लोटतो, आणि खोलांतील पाणी वर येतें. तळाकडे गेलेले जीवांचे अवशेष कुजून झालेला वायु त्यांत भरलेला असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) शास्त्रज्ञांनीं केलेल्या मोजणींत अरबी समुद्र घेतो त्याहून अधिक वायु सोडतो, असें आढळलें.

मग चिंता कशाची? सर्व महासागरांचा एकत्र हिशेब केला, तर ते सोडतात त्याहून अधिक घेतात. १९५८ सालीं हवाई बेटावरील मोजणींत हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ३१५ भाग होता. आतां तो ४२० हून अधिक आहे. मनुष्यानें सोडलेल्या वायूचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र पोटांत घेतो. त्याची किंमत काय, हें एका प्रयोगानें समजतें.

चुन्याच्या निवळींत नळीनें हळूहळू फुंकावें. निवळी तोंडांत मात्र ओढूं नये. श्वासांतील कर्बाम्ल वायूनें ती दुधासारखी होते. बराच वेळ फुंकत राहिलें, तर तें दूध पुन्हां निवळतें. कारण वायु अधिक झाला कीं पांढरी भुकटी विरघळते. शिंपल्याचें कवच याच द्रव्याचें असतें.

समुद्रांत शिंपले असे डोळ्यांदेखत विरघळत नाहींत. त्याचें पाणी अद्याप क्षारधर्मीच आहे. परंतु औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठभागाचा सामू सुमारें ८.२ वरून ८.१ वर उतरला आहे. फरक लहान दिसतो. पण या मोजपट्टीच्या रीतीनें आम्लता पाव हिश्श्याहून अधिक वाढली. कालवें, शिंपले व मालवणच्या समुद्रांतील पोंवळीं यांस घर बांधणें त्यामुळें कष्टाचें होतें. आणि त्यांच्या आश्रयानें मासे व माशांवर कोळी जगतो.

विद्यार्थिमित्रहो, समुद्र आमच्यापासून दूर असेल. पण आमच्या चुलींचा व गिरण्यांचा धूर त्याच्यापासून दूर नाहीं. हा प्रयोग घरीं आईवडिलांसमोर अवश्य करून पाहावा.