ज्ञान आणि विज्ञान : प्राध्यापक रानडे यांचे उदाहरण

गीतेच्या सहाव्या अध्यायातील आठव्या श्लोकात, ज्ञान आणि विज्ञान या दोहोंनी ज्याचे अंतःकरण तृप्त झाले आहे त्यास योगी म्हटले आहे. येथे विज्ञान म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे. शास्त्रोक्त विषयांचे यथार्थ आकलन ते ज्ञान, आणि जे जाणले ते स्वतः अनुभविणे ते विज्ञान, असा अर्थ श्रीशंकराचार्यांनी भाष्यात केला आहे. तेव्हा शास्त्राध्ययन आवश्यक खरे. परंतु केवळ तेवढ्याने तृप्ती नाही.

आता शंका अशी की, धर्मविचार शिकविणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला हे साधेल काय? प्राध्यापकाने तटस्थ असावे, साधकाने श्रद्धावान. ही दोन्ही एका ठायी कशी नांदावीत?

रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६–१९५७) यांच्या चरित्रात या शंकेचे उत्तर आहे. जमखंडी हे त्यांचे जन्मस्थान. विद्यार्थिदशेतच, १९०१ साली, त्यांनी उमदीच्या श्रीभाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व नंतर अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करून ते १९४६ साली निवृत्त झाले. नामसाधन मात्र आयुष्यभर चालूच होते.

त्यांचा उपनिषदांवरील इंग्रजी ग्रंथ १९२६ साली निघाला. स्वतः नामोपासक असूनही त्यांनी उपनिषदांवर आपला मार्ग लादला नाही. अद्वैत, विशिष्टाद्वैत आणि द्वैत या तिन्ही मतांची बीजे तेथे कशी आढळतात, हे त्यांनी निष्पक्षपणे दाखविले. ग्रीक विचारवंतांशी तुलनाही केली. महाराष्ट्रातील संतांवरील १९३३ च्या ग्रंथात ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतवचनांकडे त्यांनी केवळ काव्य म्हणून नव्हे, तर अनुभवाचा पुरावा म्हणून पाहिले. असा पुरावा पारखावयास त्या वाटेने थोडे तरी चाललेला परीक्षक हवा. श्रद्धेने येथे बुद्धीला अडविले नाही. उलट तिला विषय पुरविला. ईश्वरसाक्षात्कार हेच गीतेचे तात्पर्य, असे प्रतिपादणारा त्यांचा ग्रंथ निधनानंतर, १९५९ साली, प्रसिद्ध झाला.

गृहस्थाने यातून काय घ्यावे? आपणांपैकी पुष्कळांचे गीतापठण नित्य चालते, टीकाही वाचल्या जातात. पण वाचन वाढले म्हणजे साधन वाढले असे नव्हे. रानड्यांना व्याख्याने होती, परीक्षा होत्या, प्रपंचही होता. तरी नामाची वेळ त्यांनी राखली. आपणही जो श्लोक आज समजला, त्यातील एक गोष्ट आजच आचरून पाहावी. ज्ञानाचे विज्ञान होण्यास तेथूनच आरंभ होतो.