‘फिट’ होऊन आलेल्या जवानाचा ताप

काँगो किंवा दक्षिण सुदानमधली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची नेमणूक संपवून जवान मालवण-कुडाळकडे घरी येतो. पंधरवड्यात त्याला ताप भरला, की घरची माणसं एकमेकांना धीर देतात : ‘लष्कराने सगळी तपासणी करून फिट म्हणून सोडलंय, हा प्रवासाचा शीण असणार.’ या समजुतीने जीव जाऊ शकतो.

परतीच्या तपासणीत रक्त स्वच्छ निघालं, याचा अर्थ त्या दिवशी मलेरियाचे जंतू दिसले नाहीत, एवढाच. डास चावल्यावर जंतू आधी यकृतात वाढतात. तेव्हा ना ताप असतो, ना रक्तात काही सापडतं. आफ्रिकेतला फाल्सिपेरम मलेरिया बहुधा परतल्यावर महिनाभरात डोकं वर काढतो, कधी त्याहून उशिरा. व्हायव्हॅक्स आणि ओव्हेल तर यकृतात कित्येक महिने दडून राहतात.

प्रतिबंधक गोळ्यांवरचा भरवसाही तसाच फसवा. मेफ्लोक्विन आठवड्याला किंवा डॉक्सिसायक्लिन रोज, ही औषधं तो मुलूख सोडल्यावरही चार आठवडे घ्यायची असतात. घरी पोचल्यावर नेमक्या त्याच गोळ्या बॅगेत राहतात.

मालवणजवळच्या एका गावात असंच झालं. काँगोतल्या गोमाहून परतलेल्या जवानाला ताप आला. गावातल्या पदवी नसलेल्या ‘डॉक्टर’ने सुई टोचली, सलाईन लावलं. मोबाईलवर आलेला पपईच्या पानांचा रस घरच्यांनी दोन वेळा पाजला. चौथ्या दिवशी त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, बोलताना शब्द अडखळत होते. तरी म्हणाला, ‘गोळ्यो घेतलंय मां मी, माका मलेरिया कसो होतलो?’ बोटातल्या थेंबभर रक्ताच्या तपासणीत फाल्सिपेरम निघाला. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात शिरेतून आर्टेसुनेट मिळालं आणि तो वाचला. आधीचे तीन दिवस मात्र ‘काँगो’ हा शब्द कोणीच कोणापुढे उच्चारला नव्हता.

आपल्याकडे ताप म्हटला की लेप्टो, डेंग्यू, दोडामार्गच्या बाजूला माकडतापही आठवतो. डॉक्टर तिथूनच सुरुवात करणार. म्हणून केसपेपरवर तापाच्याही आधी देशाचं नाव आणि परतल्याची तारीख लिहून घ्यायला सांगा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी बारा ते चोवीस तासांनी ती पुन्हा करावी लागते.

घाबरून जाऊ नका. वेळेत सापडलेला साधा फाल्सिपेरम तीन दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. तो शेजारी बसल्याने लागत नाही. मुलांना बापापासून दूर ठेवण्याचं कारण नाही. पण किटमधल्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने खाऊ नका. अर्धवट मात्रेने ताप दबतो, जंतू राहतात. प्रायमाक्विन तर जीसिक्सपीडी नावाच्या रक्ततपासणीशिवाय तोंडात टाकूच नका. काहींच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

गुंगी, बरळणं, झटके, धाप, कावीळ, काळसर किंवा कमी लघवी, थांबत नसलेली उलटी यांतलं एकही दिसलं तर रात्रीच गाडी काढा. सैनिकी रुग्णालय बेळगावला किंवा वास्कोला आहे म्हणून थांबू नका. आधी जवळचं रुग्णालय गाठा, युनिटला फोन वाटेतून करा. आफ्रिकेतल्या बंदरांवर उतरून आलेल्या आपल्या खलाशांनीही तापात हेच करावं.