लाल एअर फिल्टरचा हिशेब

ॲक्सेसरीजच्या दुकानात लाल कापडाचा, तेल लावलेला एअर फिल्टर पुढे ठेवतात आणि सांगतात, "एकदा टाका, गाडी विकेपर्यंत बघायला नको." यात सर्वांत ओळखीचं नाव अमेरिकेतल्या 'के अँड एन'चं. छोट्या हॅचबॅकसाठी असा फिल्टर साधारण पाच हजारांना पडतो, वर धुण्याचं लिक्विड आणि तेलाचा किट दीड हजाराचा. त्याच गाडीचा कागदी फिल्टर साडेतीनशेच्या आसपास मिळतो.

म्हणजे ६,५०० रुपयांत अठरा कागदी फिल्टर. धुळीचा रस्ता धरून दर २०,००० किलोमीटरला बदलला, तरी ३,६०,००० किलोमीटर निघतात. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्या घरच्या गाडीला त्यासाठी तीस वर्षं लागतील. आरसीची पहिली मुदतच पंधरा वर्षांची! वर्षाला ६०,००० पळणाऱ्या टॅक्सीचे पैसे सहा वर्षांत वसूल होतात, पण टॅक्सीवाल्याने अर्धा दिवस गाडी उभी ठेवायची तयारी हवी. कारण फिल्टर धुतल्यावर सावलीत आपोआप वाळू द्यावा लागतो. कॉम्प्रेसरची हवा मारली तर कापड फाटतं. पावसाळ्यात तर रात्रभरही पुरत नाही.

खरी मेख तेलात आहे. कापडाची वीण कागदापेक्षा मोकळी असते, धूळ धरतं ते तेल. ते कमी पडलं की बारीक धूळ थेट इंजिनात. जास्त झालं की उडून हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर बसतं, रीडिंग चुकतं आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. डिझेल गाड्यांत हा सेन्सर बहुधा असतोच. काही छोट्या पेट्रोल गाड्यांत नसतो, तिथे ही भीती कमी.

"ॲव्हरेज वाढतं" यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं, तेव्हा फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर तुंबला तरी ॲव्हरेजवर फारसा परिणाम दिसला नाही. पिकअप मात्र पडला. कॉम्प्युटर येणाऱ्या हवेप्रमाणे इंधन बेततोच. कंपनीतून आलेलं इंजिन तसंच ठेवलं असेल, तर नव्या फिल्टरने वाढतो तो मुख्यतः आवाज.

त्यामुळे रोजच्या गाडीला कागदीच टाका, पण नीट बघून. बॉक्सच्या क्लिपा काढा, फिल्टर बाहेर घ्या, आतून मोबाइलचा टॉर्च धरा. घड्यांमध्ये प्रकाशाचा ठिपका दिसला तर कागद फाटलाय. गॅरेजमध्ये दर सर्व्हिसला जोराची हवा मारून तो बऱ्याचदा असाच फाटतो. मग बॉक्सच्या इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर रबराची कडा नीट बसत नाहीये, आणि असा फिल्टर नवा असला तरी बदलायला सांगा. बिलात 'एअर फिल्टर' लावला असेल तर जुना मागून घ्या.